सहलीत मुलाच्या मागे ताटली घेऊन धावू नका

एप्रिल संपत आला की ओपीडीत एक ठरावीक प्रश्न यायला लागतो. मूल ठणठणीत असतं. ताप नाही, खोकला नाही, खुर्चीवर उड्या मारत असतं. आईबाबा आलेले असतात ते सुट्टीची तिकिटं काढून झाल्यावर. "डॉक्टर, आठ दिवस बाहेर आहोत. ही घरीच धड जेवत नाही, तिकडे काय खाणार? भूक वाढवायचं काही तरी द्या ना." दिवाळीच्या सुट्टीआधी हेच, नाताळच्या आधी पुन्हा हेच.

हे औषध मी लिहून देत नाही. भुकेचं म्हणून जे सिरप मिळतं, त्यातल्या बऱ्याच सिरपमध्ये सायप्रोहेप्टाडिन असतं. हे मुळात ॲलर्जीचं औषध. भूक वाढणं हा त्याचा एक जास्तीचा परिणाम आणि झोप येणं हा दुसरा. औषध थांबलं की भूकही पुन्हा होती तिथे येते. आठ दिवस समुद्रकिनारी पेंगुळलेलं मूल घेऊन फिरण्यात काय मजा आहे?

माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते ऐकून काही आजी-आजोबा माझ्यावर नाराजही होतात. सहल ही मुलाला खायला शिकवायची जागा नाही. आणि एरवी निरोगी असलेलं मूल आठ दिवस कमी जेवलं तर त्याचं काही बिघडत नाही. सहलीत मुलांचं बिघडतं ते दुसऱ्याच गोष्टींनी, आणि ताटलीमागे धावणाऱ्यांचं नेमकं तिकडेच लक्ष राहत नाही.

आधी थोडा हिशोब

जन्मताना ३ किलोचं बाळ वर्षाचं होईपर्यंत साधारण ९ किलोचं होतं. वजन तिप्पट. हा वेग पुढे टिकत नाही, टिकूही नये. दोन वर्षांनंतर मूल वर्षाला साधारण २ किलोने वाढतं. म्हणजे आठ दिवसांच्या सहलीत त्याच्या अंगात भर पडायची असते ती जेमतेम ४५ ग्रॅमची. एका केळ्याचा गर याच्या दुप्पट भरतो. दुसऱ्या वर्षापासून "पूर्वी किती छान खायचा, आता खातच नाही" ही तक्रार घरोघरी सुरू होते, त्याचं मूळ इथे आहे. गरज त्या वेगाने वाढत नाही, म्हणून भूकही वाढत नाही.

दुसरी गोष्ट, साधारण दोन ते सहा या वयात अनोळखी खाण्याबद्दल मुलांना संशय असतो. कालपर्यंत आवडीने खाल्लेली भेंडीसुद्धा आज "ही वेगळी दिसते" म्हणून बाजूला सारली जाते. हा हट्ट नाही आणि वळण नसल्याची खूणही नाही. वयाचा भाग आहे, बहुतेकांचा ओसरतो. घरी हे चालूच असतं. आता सहलीचा विचार करा. पलंग नवा, बाथरूम नवं, पाण्याची चव नवी, मावशीच्या दिराची दोन अनोळखी मुलं गाडीत शेजारी. सगळंच बदललं की मूल ओळखीच्या एखाद्या गोष्टीला घट्ट धरून ठेवतं. पुष्कळदा ती गोष्ट म्हणजे तेच ते खाणं: दूध-चपाती, वरणभात, नाहीतर नुसतं बिस्कीट. घरी दहा पदार्थ खाणारं मूल प्रवासात चारवर येतं, ते यामुळे.

मुलं जेवणागणिक किती खातात हे मोजून पाहणारे अभ्यास झालेले आहेत. त्यात दिसतं ते असं की एका जेवणाला मूल चिमणीएवढं खातं, पुढच्याला पैलवानासारखं, पण दिवसभराची बेरीज केली तर ती फारशी हलत नाही. याहून जुनं आणि गमतीचं उदाहरण अमेरिकेतल्या क्लारा डेव्हिस या डॉक्टरबाईंचं. त्यांनी नुकत्याच वरच्या अन्नावर आलेल्या बाळांपुढे ३४ साधे पदार्थ आळीपाळीने मांडले आणि काय नि किती खायचं ते बाळांवर सोडलं. १९२८ मध्ये त्यांनी पहिले निष्कर्ष छापले. बाळांच्या आवडी विचित्र होत्या, एखादं बाळ काही दिवस एकाच पदार्थाच्या मागे लागे, पण सगळी बाळं छान वाढली. मात्र यातली मेख लक्षात घ्या. त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, तळलेलं काही नव्हतं, पाकिटातलं काही नव्हतं. निवड बाळांची होती, पण यादी मोठ्यांनी केली होती. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी पुढे हीच वाटणी सोप्या शब्दांत मांडली: काय, कधी आणि कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती, ते मुलाने.

सहलीत आपण याच्या बरोबर उलट करतो. काय खायचं ते मुलाला विचारतो ("पिझ्झा हवा की नूडल्स?") आणि किती खायचं ते आपण ठरवतो ("अजून चार घास, मगच पाण्यात").

भरवण्याचा खेळ महागात पडतो

हॉटेलातल्या सकाळच्या नाश्त्याची वेळ आठवून पाहा. बाबा मंडळी ऑम्लेटच्या काउंटरपाशी, आजोबा पेपर शोधतायत आणि एक आई बशीत उपमा घेऊन टेबलांमधून मुलाच्या मागे फिरतेय. तिचा स्वतःचा चहा गार झालेला. कुणीतरी काकू जाता जाता म्हणणार, "काय गं, काहीच खात नाही का हा? वाळलाय किती!" ती आई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत हाच विचार करत असते. मुलाचं जेवण हा तिच्या आईपणाचा पेपर आणि आख्खं कुटुंब परीक्षक. तिलाही सुट्टी हवी होती, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. माझी सरळ सूचना असते की सहलीत मुलाच्या खाण्याची जबाबदारी बाबांनी घ्यावी. ती पोटभर भरवण्याची नाही, फक्त वेळेवर समोर मांडण्याची. आणि काकूंना "डॉक्टरांनी सांगितलंय" असं खुशाल माझ्या नावावर खपवावं.

जबरदस्तीने भरवलेलं मूल पुढच्या वेळी आणखी कमी खातं, हा तोटा दूरचा झाला. जवळचा धोका जास्त गंभीर आहे. चालत्या गाडीत, मोबाइलवर कार्टून लावून, तोंड उघडं दिसलं की घास कोंबला जातो. गाडीला धक्का बसतो, मूल हसतं किंवा रडतं आणि घास श्वासनलिकेकडे जातो. चार वर्षांखालच्या मुलांना शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कडक गोळ्या आणि पॉपकॉर्न प्रवासात देऊच नयेत. लोणावळ्याची चिक्कीही यात आली. तिच्यात शेंगदाणाही आहे आणि कडकपणाही. जांभळाच्या आणि सीताफळाच्या बिया मोठ्यांनी काढून द्याव्यात. रेल्वेत बर्थवर आडवं पडून खाणं, पळताना खाणं, दोन्ही नको. खाताना अचानक ठसका लागून नंतर खोकला किंवा छातीत शिट्टीसारखा आवाज राहिला तर "सर्दी झाली असेल" म्हणून सहल पुढे रेटू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दाणा अडकला की काही वेळ खोकला थांबतो आणि सगळे निर्धास्त होतात. तो मध्यंतर फसवा असतो.

उलटीचंही तसंच. गाडी लागण्याचा त्रास दोन ते बारा या वयात सर्वांत जास्त. आंबोली किंवा कुंभार्ली घाट चढायच्या आधी "पोट भरलेलं बरं" म्हणून दूध-पोळीचा काला भरवला, तर तो कुठे येणार हे सांगायला नको. उपाशीपोटीही मळमळतंच. निघायच्या तासभर आधी थोडं कोरडं, बिनतेलाचं काही द्यावं, गाडीत मोबाइल-पुस्तक बंद ठेवावं, समोर लांबवर बघायला लावावं, काच थोडी उघडावी. गोळी हवी असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून, वयाप्रमाणे. प्रोमेथाझिनसारखं औषध दोन वर्षांखालच्या बाळाला चालत नाही.

शिदोरी

आपल्याकडे शिदोरी नावाची चांगली गोष्ट होती. हायवेवर दर वीस किलोमीटरला फूड मॉल झाले आणि आपण ती विसरलो. दशमी घ्या. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवल्याने ती मऊ राहते, दिवसभर टिकते, लहान मुलाला चावता येते आणि चव ओळखीची असते. धपाटे, तिखट नसलेलं थालीपीठ, मेथीचे ठेपले, राजगिऱ्याचे किंवा नाचणीचे लाडू, खाकरे, घरचा पातळ पोह्यांचा चिवडा (लहानांसाठी दाणे काढून). बरोबर मेतकुटाची छोटी बाटली आणि थोडं तूप. ही बाटली हॉटेलातल्या साध्या भातावर जादू करते. मूल ज्याला "माझं" म्हणतं असा एक तरी पदार्थ पिशवीत असावा. आठही दिवसांचा डबा न्यायला सांगत नाही, तेही एक ओझंच. दिवसातून एकदा ओळखीची चव मिळाली की उरलेल्या दोन वेळी मूल नव्याकडे जरा धीराने बघतं.

शिजवलेलं ओलं अन्न मात्र शिदोरीत फार वेळ ठेवू नये. खोलीच्या तापमानाला दोन तास ही मर्यादा. उन्हाळ्यातल्या गाडीत ती एक तासावर येते. सकाळचा भात दुपारी गरम केला की झालं, असंही नाही, कारण भातात वाढणाऱ्या काही जंतूंचं विष गरम करूनही जात नाही.

बाहेर जेवताना वेगळा "किड्स मेन्यू" मागू नका, असा माझा आग्रह आहे. त्यात जगभर बहुतेक तेच: फ्राइज, नगेट्स, पास्ता. मोठ्यांच्याच जेवणातला साधा भाग मुलाला द्या. आपल्या देशात कुठेही गेलात तरी मऊ, साधं, ओळखीच्या जवळ जाणारं काही तरी असतंच. कोकणात घावन, आंबोळी, गरम भात. केरळमध्ये अप्पम, इडिअप्पम, पिकलेलं नेंद्रन केळं. गुजरातेत खिचडी-कढी. उत्तरेत राजमा-चावलातला राजमा जरा धुऊन. दक्षिणेची इडली तर मला सहलीतलं आदर्श अन्न वाटते: वाफेतून थेट बशीत, तिखट नाही, हाताने खाता येते. परदेशात साधा भात, उकडलेलं अंडं, दही, केळं आणि पाव जवळजवळ सगळीकडे मिळतं. नव्या पदार्थाचा एक तुकडा मुलाच्या ताटात नुसता ठेवावा, त्याबद्दल बोलू नये. एखादा पदार्थ पसंत पडायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो. सहलीत त्यातल्या दोन वेळा झाल्या तरी पुष्कळ.

मग चिप्स आणि आइस्क्रीम? मी पूर्ण बंदीच्या बाजूचा नाही. चौपाटीवर जाऊन गोळा नको, आइस्क्रीम नको, असं म्हणत राहिलो तर मूल काय, मोठेही वैतागतील. (गोळ्याला माझा विरोध आहे, पण तो बर्फाच्या पाण्यासाठी, रंगाची पाळी त्यानंतर.) रोज एक चैनीची गोष्ट, जेवणानंतर, सगळ्यांबरोबर. अडचण वेगळीच असते. गाडीत बसल्यापासून मुलाच्या हातात पाकीट असतं आणि ते दिवसभर एकेक चिप्स, एकेक बिस्कीट, घोटभर फ्रूटी करत राहतं. दुपारी दोनला ताट समोर आलं की त्याला भूकच नसते. मग "काहीच खाल्लं नाही" म्हणून चार वाजता पुन्हा बिस्कीट. "उपाशी" असलेल्या अशा मुलांच्या दिवसभराच्या खाण्याची मी आईला यादी करायला सांगतो, तेव्हा ती यादी वहीच्या पानभर होते. दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तासांचं अंतर ठेवा आणि त्या मधल्या वेळेत फक्त पाणी. एवढा एक नियम पाळलात तरी सहलीतल्या जेवणाच्या निम्म्या तक्रारी कमी होतात. दुधाचंही तेच. "काही खात नाही तर निदान दूध तरी" म्हणून दिवसाला लिटरभर दूध पोटात गेलं की जेवणाला जागा उरत नाही, शिवाय पोट घट्ट होतं. दिवसाला अर्धा लिटर पुरे.

लक्ष ठेवायचंय ते इकडे

पोट घट्ट होण्यावरून आठवलं. सहलीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूल अचानक जेवायचं बंद होतं आणि चिडचिड करतं, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारतो तो जेवणाचा नसतो. शी कधी झाली होती? अनोळखी संडास, घाईची सकाळ, "गाडी निघतेय, चल चल". मूल धरून ठेवतं. तीन दिवस कोठा साफ नसेल तर मोठ्या माणसालाही जेवण नकोसं होतं. रोज नाश्त्यानंतर दहा मिनिटं निवांत बसू द्या, पाय टेकायला खाली काहीतरी द्या, पाणी आणि फळं वाढवा. भुकेचा प्रश्न बऱ्याचदा तिथेच सुटतो.

पाण्याबद्दल मात्र मी हट्टी आहे. जेवण चुकलं तर चालतं, पाणी चुकून चालत नाही. १० किलोच्या मुलाला दिवसाला सगळं मिळून साधारण १ लिटर, १५ किलोच्या मुलाला सव्वा लिटर द्रव लागतो, आणि मे महिन्याच्या उन्हात त्याहून जास्त. सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल, किंवा ती गडद पिवळी असेल, तर मूल कोरडं पडतंय. किती घास गेले हे मोजण्यापेक्षा हे मोजा.

ओआरएसची पाकिटं आठवणीने न्या. जुलाब सुरू झाले तर दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्यावरच्यांना १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याने किंवा घोटाघोटाने. १ लिटरचं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच. "थोडं घट्ट करू, ताकद येईल" हा हिशोब चुकीचा आणि धोक्याचा आहे. दुकानात ओआरएससारख्या दिसणाऱ्या खोक्यांतली गोड पेयं ओआरएस नव्हेत. त्यांच्यात साखर इतकी असते की जुलाब वाढू शकतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली ती याचसाठी. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघून औषधाच्या दुकानातून घ्या. मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी मुलांना देऊ नका.

खाण्यातून होणारे जुलाब टाळायचे तर एक साधा निकष पुरतो: अन्न वाफाळतं असावं किंवा फळ आपल्या हाताने सोललेलं असावं. बफेत तासभर कोमट राहिलेल्या मलईदार भाजीपेक्षा टपरीवर समोर तव्यावरून उतरलेला डोसा कितीतरी सुरक्षित. स्टार हॉटेलचा बोर्ड बघून जंतू लाजत नाहीत. उसाचा रस, कापून ठेवलेली फळं, चटण्या, बर्फ यांत धोका जास्त.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. लेह-लडाखला, साडेतीन हजार मीटरवर, लहान मूल जेवेनासं झालं, रडकं झालं, खेळेना, नीट झोपेना, तर ते नखरे समजू नका. डोकं दुखतंय हे त्याला सांगता येत नाही. विरळ हवेच्या त्रासाची लहान मुलांमधली लक्षणं अशीच दिसतात. तिथे आणखी वर जायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं, आणि त्रास वाढत असेल तर खाली उतरायचं.

आता ज्या मुलांबद्दल मी "काही बिघडत नाही" असं म्हणणार नाही, त्यांच्याविषयी. ज्यांच्या खाण्यातले सगळे पदार्थ मोजून दहा-पंधराच्या वर जात नाहीत आणि तेही कमी होतायत. ज्यांना ठरावीक मऊ-खरखरीत स्पर्शानेच उमाळे येतात. ज्यांचं वजन काही महिने वाढलेलं नाही. जी घास गिळताना अडखळतात. जी फिकट दिसतात, माती-खडू खातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं, आणि लोह कमी असलं की भूकही मरते. या मुलांना तपासणी लागते, काहींना रक्ताची चाचणी, काहींना वाचा किंवा व्यवसायोपचार तज्ज्ञांची मदत. ती निघायच्या दोन दिवस आधी होत नाही. अशा मुलाला महिनाभर आधी दाखवा, येताना त्याच्या लसीकरणाच्या कार्डावरच्या वजनाच्या नोंदी आणि आठवड्यात त्याने खरोखर काय काय खाल्लं याची यादी घेऊन या. बिस्किटंसुद्धा लिहा.